साथ आली तर यांची कूस कोण बदलणार?

तासगाव तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचे यजमान शेळ्यांना पाला काढताना झाडावरून पडले आणि मणका मोडला. छातीपासून खाली हालचाल नाही, संवेदना नाही. रिपोर्टवर ‘डी-४’ लिहिलं आहे, म्हणजे इजा छातीमागच्या मणक्यांपैकी वरून चौथ्याच्या पातळीवर. घरात त्यांचं सगळं ताईच बघतात. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ताईंना कोविड झाला आणि त्यांना कोविड सेंटरला नेलं. घरी राहिल्या वयस्कर सासूबाई. त्यांना मुलाला वळवणं झेपलं नाही. ताई परत आल्या तेव्हा यजमानांच्या माकडहाडावर हाडापर्यंत गेलेली जखम होती, ती भरायला वर्ष गेलं. मध्ये यजमानांना ताप आला, रुग्णालयात न्यावं लागलं, पण ताईंना वॉर्डात सोडलं नाही. त्या विचारतात: पुन्हा अशी साथ आली तर काय तयारी करायची? यांना धोका इतरांपेक्षा जास्त आहे का? मला यांच्याजवळ राहता येतं का? आणि मीच आजारी पडले तर यांची कूस कोण बदलणार?

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्या प्रश्नांचं मूळ तिथेच आहे. सांगली-मिरज भागात पुनर्वसनाचं काम करताना दोन्ही लाटांत जे पाहिलं त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे. मणक्याची इजा, लकवा, सेरेब्रल पाल्सी (लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचाली बिघडणं) असलेल्या माझ्या रुग्णांना विषाणूपेक्षा जास्त फटका बसला तो रोज काळजी घेणारे हात एका दिवसात नाहीसे झाल्याचा. तुमच्या घरात तेच झालं, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. मे २०२१ च्या अखेरीस राज्याने ज्या १८ जिल्ह्यांत गृहविलगीकरण बंद करून रुग्णांना कोविड सेंटरमध्येच ठेवायचं ठरवलं, त्यांत सांगली आणि सातारा दोन्ही होते. साथ आवरायला तो निर्णय समजण्यासारखा होता. पण ‘या बाईला नेलं तर मागे घरात कोण आहे, आणि त्याला दर दोन तासांनी काय लागतं’ हे विचारायची जबाबदारी कुणावरच नव्हती. पुढच्या वेळी ते तुम्हीच आशाताईंना सांगायचं, गाडीत बसण्याआधी. आणि मागे राहणारा माणूस आजपासून तयार करायचा.

दीर, जाऊ, शेजारचा पोरगा, कुणीही चालेल. पण ‘वेळ आली की बघतील’ असं धरून चालू नका. कूस बदलणं, लघवीची नळी घालणं, जखम ओळखणं ही हाताची कामं आहेत, बघून येत नाहीत. आठवड्यातून एक दिवस तुम्ही खोलीबाहेर बसा आणि ते सगळं त्या माणसाला करू द्या. चुकलं तरी लगेच उठू नका. माझ्या अनुभवात घरच्या बाईला हेच सगळ्यात जड जातं.

सासूबाईंना जमलं नाही, कारण बहुतेक जण खांद्याला आणि कमरेला धरून उचलायला जातात. तसं तरण्या माणसालाही जमत नाही. एक जुनी सुती चादर चौपदरी करा आणि खांद्यापासून मांड्यांपर्यंत येईल अशी यांच्या अंगाखाली घालून ठेवा, सुरकुती राहू देऊ नका. डाव्या कुशीवर वळवायचं असेल तर वळवणाऱ्याने डाव्या बाजूला उभं राहायचं. यांचा उजवा हात छातीवर घ्यायचा, उजवा पाय गुडघ्यात दुमडून डाव्या पायावरून पलीकडे टाकायचा. मग चादरीची पलीकडची कड मुठीत धरून आपल्याकडे ओढायची. आपला एक पाय पुढे, एक मागे, आणि ओढताना अंगाचा भार मागच्या पायावर. यांचा पाय आधीच ओलांडलेला असल्यामुळे कंबर मागोमाग येते. पाठीमागे उशी सरकवायची. अगदी सरळ कुशीवर उभं करायचं नाही, साधारण ३० अंश कललेलं पुरे. नाहीतर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो आणि माकडहाड वाचवताना नवी जखम खुब्यावर होते. गुडघ्यांच्या मध्ये एक उशी, पोटऱ्यांखाली एक, टाचा अधांतरी. लघवीची नळी लावलेली असेल तर शेवटी ती मांडीखाली दबली नाही ना, हे बोटाने चाचपायचं. शरीर हलकं असेल तर साठीतली बाईही हे करू शकते, मात्र सवय आधी हवी.

दिवसा दर दोन तासांनी ही गोष्ट. व्हीलचेअरवर असतील तर दर १५ ते ३० मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलायचं किंवा पुढे वाकायचं. डी-४ ला हात चांगले असतात, ते त्यांचं त्यांनी करावं, त्यासाठी तुमची गरज नाही. पालथं झोपण्याची सवय मात्र आत्ताच लावा. छातीखाली, मांड्यांखाली आणि नडग्यांखाली उशा, गुडघे आणि पायाची बोटं मोकळी, सुरुवातीला अर्धा तास, मग हळूहळू वाढवत. माकडहाड आणि टाचा पूर्ण मोकळ्या राहतात, खुब्याचे सांधे आखडत नाहीत. ज्याला ही सवय आहे त्याची एखादी रात्र कमी मदतीतही निभते. कोविडमध्ये ऑक्सिजन वाढावा म्हणून डॉक्टर रुग्णांना पालथं झोपवत होते हे तुम्ही पाहिलं असेल. सवय असलेल्या माणसाला वॉर्डातही ते सोपं गेलं.

कातडीची तपासणी रोज दोनदा. लाल डाग दिसला की अंगठ्याने दाबायचा आणि सोडायचा. दाबल्यावर फिका पडला तर कातडी अजून शाबूत आहे. फिका पडलाच नाही तर आत इजा सुरू झाली, त्या जागेवर पुढे भार टाकायचाच नाही. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, तिथे हाताच्या पालथ्या बाजूने बघायचं: आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा लिबलिबीत लागतंय का. तो डाग चोळू नका, स्पिरिट-पावडर लावू नका, आणि मधे भोक असलेली हवेची रिंग तर घरातून काढूनच टाका. ती भोवतालचा रक्तपुरवठा दाबते. एअर बेडचा उपयोग होतो, पण लाइट गेली की तो नुसता प्लास्टिकचा पत्रा. वीज जाणाऱ्या गावात खाली जाड फोमची गादी हवीच. तुमच्या यजमानांच्या भरलेल्या जखमेची कातडी आधीच्या कातडीइतकी मजबूत कधीच होत नाही, तिथे दुप्पट लक्ष.

आता धोक्याचा प्रश्न. इंग्लंडमध्ये जानेवारी ते नोव्हेंबर २०२० या काळात कोविडने गेलेल्यांत दहापैकी जवळजवळ सहा जण दिव्यांग होते, असं तिथल्या सरकारी सांख्यिकी कार्यालयाने मांडलं. त्यात वयाचा, गरिबीचा, इतर आजारांचा, एकत्र राहण्याच्या संस्थांचा वाटा मोठा होता. म्हणून ‘दिव्यांग आहे म्हणजे मरणारच’ असा अर्थ कुणी काढू नये. त्याच देशात मार्च २०२० मध्ये अतिदक्षता विभागात कोणाला घ्यायचं हे ठरवायला ‘माणूस किती परावलंबी आहे’ अशी एक मोजपट्टी सुचवली गेली होती. ती मुळात म्हाताऱ्या, थकलेल्या रुग्णांसाठी. ती लावली तर रोज मदत लागणारा एरवी धडधाकट तरुणही शेवटच्या पायऱ्यांमध्ये जातो. दिव्यांगांनी आणि पालकांनी आवाज उठवल्यावर पाच दिवसांत सुधारणा झाली: तरुणांना आणि सेरेब्रल पाल्सीसारखं कायमचं, स्थिर अपंगत्व असणाऱ्यांना ही मोजपट्टी लावू नका. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे अशी मोजपट्टी कागदावर नसली तरी डोक्यात असते. ‘आधीच असा आहे’ हे वाक्य मी वॉर्डात ऐकलेलं आहे. त्यावर उत्तर एकच: हा माणूस आजारी पडण्याआधी रोज काय करत होता ते लिहून दाखवायचं. खुर्चीवर बसून दुकान चालवतो, पोरांचा अभ्यास घेतो, जे असेल ते.

तुमच्या यजमानांचा खरा धोका खोकल्यात आहे. डी-४ ला पोटाचे स्नायू काम करत नाहीत, बरगड्यांमधले निम्मे-अधिक करत नाहीत. श्वास घेता येतो, पण जोराने बाहेर फेकता येत नाही, म्हणून कफ आत राहतो आणि साध्या सर्दीचा न्यूमोनिया होतो. यावर घरचा उपाय आहे, तो फिजिओकडून एकदा हाताला धरून शिकून घ्या. यांना पाठीवर झोपवून दोन्ही तळहातांच्या टाचा बेंबी आणि बरगड्यांच्या मध्ये ठेवायच्या, त्यांनी खोल श्वास घ्यायचा, आणि खोकताक्षणी आपण आत आणि वर असा झटका द्यायचा. जेवणानंतर लगेच नाही, बरगडी मोडली असेल तर नाही. साथीत हे करताना दोघांपैकी करणाऱ्याच्या तोंडावर चांगला मास्क हवा आणि खिडकी उघडी.

कोविडच्या वेळी महाराष्ट्रात ‘सहा मिनिटं चाला आणि ऑक्सिजन बघा’ ही चाचणी घराघरात पोचली. चांगली चाचणी, पण ज्याला चालता येत नाही त्याने काय करायचं, हे त्या पत्रकांत नव्हतं. आम्ही रुग्णांना असं सांगत होतो: खोल श्वास घ्या आणि एका श्वासात एकसारख्या लयीत मोठ्याने अंक म्हणा. तब्येत बरी असताना किती अंकापर्यंत जाता ते लिहून ठेवा. आजारात तो आकडा दिवसागणिक घसरला, किंवा खुर्ची अंगणात दोन फेऱ्या ढकलल्यावर ऑक्सिजन ९४ च्या खाली आला, तर वाट बघायची नाही.

तापाचंही वेगळं आहे. छातीच्या वरच्या भागात किंवा त्याच्याही वर मणक्याची इजा असलेल्यांना इजेच्या खालच्या भागात घाम येत नाही, त्यामुळे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत नुसतं पडून त्यांचं अंग तापतं. आधी सावलीत, पंख्याखाली, ओल्या फडक्याने पुसून अर्ध्या तासाने पुन्हा ताप बघा. राहिलाच, तर लघवी गढूळ आहे का, वास येतोय का, जखम कुठे आहे का, आणि एका पोटरीला सूज आहे का बघा. पायात रक्ताची गाठ झाली तरी यांना दुखणार नाही, म्हणून शिंप्याची टेप घेऊन दोन्ही पोटऱ्या मोजायच्या. कोविडमध्ये रक्त गोठण्याचा धोका आणखी वाढत होता. रक्त पातळ करायची गोळी मात्र मनाने सुरू करायची नाही.

वॉर्डातल्या डॉक्टर-सिस्टरना मणक्याचे रुग्ण रोज दिसत नाहीत. म्हणून एक पानाची चिठ्ठी करा, मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि लॅमिनेट करून खुर्चीच्या मागे अडकवा. त्यावर पहिली ओळ: यांचा नेहमीचा बीपी किती. डी-४ च्या माणसाचा बीपी ९०/६० असणं नेहमीचं असू शकतं. माहीत नसेल तर धावपळ होऊन सलाइनवर सलाइन चढतं. दुसरी ओळ त्याहून महत्त्वाची. डी-६ किंवा त्याच्या वर इजा असलेल्यांचा बीपी काही वेळा एकदम उसळतो. डोकं फुटायला येतं, चेहरा लाल होतो, कपाळावर घाम, नाडी मंद. कारण बहुतेक वेळा साधं असतं: तुंबलेलं मूत्राशय, मुडपलेली नळी, साठलेली शी, घट्ट पट्टा. उपाय चिठ्ठीवर क्रमाने लिहा: ताबडतोब बसवा, पाय खाली सोडा, कपडे सैल करा, नळी तपासा, मग पोट साफ आहे का बघा, दर पाच मिनिटांनी बीपी घ्या, आणि तरी उतरला नाही तर औषध. वेळ गेला तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. नळी मांडीखाली दबलेली आणि माणूस डोकेदुखीच्या गोळीवर पडलेला, हे मी बघितलं आहे.

त्याच चिठ्ठीवर: दर दोन तासांनी कूस, पलंगाची डोक्याकडची बाजू ३० अंशांच्या वर जास्त वेळ नको, कारण माणूस खाली सरकतो आणि माकडहाडावरची कातडी ओढली जाऊन फाटते. नळी किती तासांनी (साधारण चार ते सहा), पोट साफ करायची वेळ कोणती. आणि ठळक अक्षरात औषधं. बॅक्लोफेन (स्नायूंची आखड कमी करणारं औषध) घेत असतील तर ‘हे औषध अचानक बंद करू नका’ असं लिहा. एकदम थांबवलं तर झटके येतात, भ्रम होतो. स्नायूंच्या आजारात स्टेरॉइड घेणाऱ्या मुलांचंही तसंच. लॉकडाऊनमध्ये गोळ्या संपल्या म्हणून बंद झालेल्यांचे हाल झाले. महिनाभराच्या गोळ्या, नळ्या, जेली, हातमोजे घरात शिल्लक असायलाच हवेत. जुनं आधी वापरायचं, नवं मागे ठेवायचं.

तुम्हाला वॉर्डात राहता येतं का? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये ‘सोबत्याला आत घ्या’ असं एका ओळीत लिहिलेलं नाही. पण कलम ३ वाजवी सोयीची जबाबदारी सरकारवर टाकतं आणि कलम २५ उपचारात प्राधान्य देतं. केंद्राच्या दिव्यांग सक्षमीकरण विभागाने मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात, लॉकडाऊन लागल्या लागल्या, दिव्यांगांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. काळजीवाहकांना निर्बंधांतून सूट द्यावी, पास द्यावेत, हे त्यांत होतं. तालुक्याच्या नाक्यावर किती जणांना ते माहीत होतं, हा वेगळा विषय. तुम्ही भांडू नका, अर्ज द्या: ‘रुग्णाला दर दोन तासांनी वळवणं आणि दर चार-सहा तासांनी नळी घालणं आवश्यक आहे. हे काम वॉर्डातील कर्मचारी करणार असल्यास तशी नोंद व्हावी, अन्यथा सोबत्यास मास्क व किटसह आत राहू द्यावे.’ पोच घ्या. यात रुग्णालयाला अडवण्याचा हेतू नाही, माणसं कमी पडतात हे मला चांगलं ठाऊक आहे. पण दोनपैकी एक पर्याय कुणीतरी निवडला पाहिजे, आणि असा अर्ज दिला की सोबत्याला घेण्याची शक्यता वाढते. यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची) प्रत जोडा.

लसीच्या बाबतीतही उशीर झाला. १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयाच्या सहव्याधी असलेल्यांना लस सुरू झाली, त्या यादीत जास्त आधाराची गरज असलेले दिव्यांग होते. घरी येऊन लस द्यायला केंद्राने परवानगी दिली ती सप्टेंबर २०२१ मध्ये. मधल्या काळात माणसं पाठुंगळीवर पायऱ्या चढून केंद्रात गेली. पुढच्या साथीत पहिल्या आठवड्यातच आरोग्य केंद्राला ‘घरी लस हवी’ असं लेखी कळवून ठेवा.

एक गोष्ट आपल्याच जिल्ह्याची. आपल्याकडे साथ एकटी येत नाही. जुलै २०२१ मध्ये कोविड संपला नव्हता आणि कृष्णेला पूर आला. २०१९ च्या आठवणी ताज्याच होत्या. निवारा म्हणजे शाळा: पायऱ्या, फरशीवर अंथरूण, भारतीय बैठकीचा संडास. २०१६ च्या कायद्याचं कलम ८ सांगतं की जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवायची आणि धोक्याची सूचना त्यांना द्यायची. तलाठी आणि ग्रामसेवकांकडे अर्ज देऊन यजमानांचं नाव त्या नोंदीत आहे का ते विचारा. तुमचं गाव नदीकाठी नसेल, तरी साथीत तीच यादी उपयोगी पडते. ग्रामपंचायतीला उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. दरवर्षी तो पैसा घरटी थोडा थोडा वाटला जातो. मला विचाराल तर गावात एक चांगली गादी, एक ऑक्सिमीटर आणि एक सक्शन मशीन (कफ ओढून काढायचं) सामाईक ठेवण्याचा ठराव ग्रामसभेत मांडा.

फोनवरून फिजिओथेरपीचा अनुभव मिश्र आहे. टेलिमेडिसिनचे नियम २५ मार्च २०२० ला आले आणि डॉक्टरांना अधिकृतपणे फोनवर तपासता येऊ लागलं. जतकडच्या वाड्या-वस्त्यांवर व्हिडिओ कॉल टिकत नसे, म्हणून आम्ही घरच्यांना दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ करून पाठवायला सांगायचो: पलंगावरून खुर्चीवर बसताना, वळवताना. दवाखान्यात माणूस नीट बसतो आणि घरी चुकीच्या उंचीच्या बाजेवरून घसरत उतरतो, हे मला त्या व्हिडिओंतच पहिल्यांदा दिसलं. आखडलेला सांधा मात्र फोनवर मोकळा करता येत नाही. सेरेब्रल पाल्सीची जी मुलं मार्च २०२० पर्यंत शाळेत रोज उभ्याच्या चौकटीत उभी राहत, ती घरी बसून राहिली, अंगाने वाढली, बूट लहान पडले आणि टाचा उचलल्या गेल्या. काहींच्या बाबतीत त्याचं पुढे ऑपरेशनच करावं लागलं. खाटा कोविडला हव्या होत्या, त्याला माझा विरोध नव्हता. पण फिजिओचा विभाग बंद करताना त्या मुलांकडे आठवड्यातून एकदा कुणीतरी जावं एवढी व्यवस्था सहज होण्यासारखी होती. पुनर्वसन हे ‘नंतरचं काम’ नाही. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अधू झाले आणि १९७२ ला जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले, हे सांगलीत पोरालाही माहीत असतं. ते पोहायला लागले ते उपचाराचा भाग म्हणून, हे फार थोड्यांना.

ताई, सगळं एकदम करायला जाऊ नका. या आठवड्यात तीन कामं: चौपदरी चादर अंगाखाली घालून सासूबाईंसमोर दिराला वळवायला शिकवा, यजमान बरे असताना सलग काही दिवस बीपी, ऑक्सिजन, एका श्वासातले अंक आणि दोन्ही पोटऱ्यांची मापं वहीत लिहा, आणि ती एका पानाची चिठ्ठी करा. चिठ्ठीचा कच्चा मजकूर, जुन्या जखमेच्या जागेचा उजेडातला फोटो आणि सध्याच्या गोळ्यांची नावं मला पाठवा. बॅक्लोफेन आहे का आणि किती, ते बघून औषधांची ओळ मी भरून देतो.